डावा मागचा पाय

मोटरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत लावून देणं हा माझा धंदा. वाळूजला छोटं वर्कशॉप, राहायला छावणीत. या कामात मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. दोन शाफ्टच्या मध्ये कपलिंग असतं आणि कपलिंगच्या पोटात रबर. रेघ चुकली की आधी ते रबर फाटतं, मग बेअरिंग जातं आणि मग मिस्त्रीची नोकरी.

सोयगावच्या एका जिनिंगमध्ये गाडं नेमकं तिथवर आलं होतं. मालक आप्पासाहेबांचा फोन आला.

"मॅडम, कापूस वर नेणाऱ्या पट्ट्याचं रबर पंधरा दिवसांत चारदा फाटलं. आमच्या मिस्त्रीला काय जमंना. सोमवारपासून जळगावचा माणूस ठेवतोय. पण याला काढायच्या आधी तुमच्याकडून लेखी पायजे, चूक याचीच हाय म्हणून."

"नाव काय मिस्त्रीचं?"

"कडुबा."

चिकलठाण्याच्या कारखान्यात मी पहिल्यांदा पाना धरला तो कडुबाकाकांच्या हाताखाली. बाकीचे म्हणायचे, पोरगी काय फिटर होणार. काकांनी माझ्या हातात रेघ मोजायची डायल दिली आणि म्हणाले, "हिचा काटा बाई-बाप्या बघत नाय." रिटायर झाल्यावर ते गावी, सोयगावला गेले आणि या जिनिंगवर लागले.

"आप्पासाहेब, ते माझे गुरू आहेत," मी सांगून टाकलं. "तरीही दिसेल तेच लिहीन. चालेल?"

"चालंल."

दुसऱ्या दिवशी फर्दापूरवरून वळून सकाळी नऊला जिनिंगवर पोचले. मोटर आणि तिची बैठक लालभडक रंगवलेली, दसऱ्याचा वाळलेला झेंडू अजून तिथंच. काका बाजूला उभे होते. कशी आहेस, कधी निघालीस, काही नाही.

"दिसंल तेच लिही. माझी भीड धरू नको."

"तुमची भीड मी कधी धरली?" मी म्हटलं खरं, पण मनातून घाबरले होते. काकांची चूक निघाली तर ती माझ्याच अक्षरात लिहावी लागणार होती.

डायल लावली, शाफ्ट हातानं फिरवला. मिलिमीटरच्या चार शतांशापर्यंत चुकलं तर चालतं, इथं काटा चाळीस दाखवत होता.

"बघा!" आप्पासाहेब म्हणाले.

काकांनी खिशातून वही काढली. दर वेळी रबर बदलून रेघ लावली, त्याचे आकडे लिहिलेले. तीन, चार, तीन, चार. "मी लावतो तवा बराबर येतं. दोन दिवसांत कुठं पळतं, तेच कळंना."

"मोटरचे पाय बघितले?"

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी हे विचारायलाच नको होतं. "पाय उन्हाळ्यात मी सोता बसवलेत, विशाखा."

मोटर चार पायांवर उभी असते. उंची जुळवायला प्रत्येक पायाखाली पोलादाच्या पातळ चकत्या सरकवतात, त्यांना शिम म्हणतात. एक जरी पाय घट्ट टेकला नाही तरी मोटर हॉटेलातल्या डुगडुगत्या टेबलासारखी वागते. मी एकेक बोल्ट सोडून काटा पाहत गेले. पुढचे दोन्ही ठीक. उजवा मागचा थोडा हलला. डावा मागचा बोल्ट सोडला आणि काटा तीसनं उडाला.

काका खालीच बसले. "तीस?"

मी शिम ओढून काढली. चकचकीत असायला हवी होती, ती दोन्ही बाजूंनी लाल निघाली. रंगात नख रुतत होतं.

"काका, शिमला रंग कुणी दिला?"

"शिमला? येडा हाय का कुणी!"

तेवढ्यात आप्पासाहेबांच्या बायको, लक्ष्मीबाई, चहा घेऊन आल्या. "ह्यांनीच दिला की! खांडेनवमीला मालकानं आपल्या हातानं यंत्राला रंग द्यायचा, सासऱ्यांपासूनची रीत हाय आमची. दर साली वरवर व्हायचं. यंदा ह्यांनी चेनपुलीनं मोटर उचलून खालूनबी दिला. त्या चकत्यासुदीक एकेक करून रंगवल्या. एक कोपरा सोडला नाय!"

आप्पासाहेब कपातल्या चहाकडं बघत राहिले.

"तुम्ही कुठं होतात काका?"

"नागपूरला, दीक्षाभूमीला. आलो तवा मोटर जागच्या जागी होती."

"तशीच्या तशी ठेवली होती की परत," आप्पासाहेब हळूच म्हणाले. "सांगण्यासारखं काय हाय, असं वाटलं."

मी त्यांना समजावून दिलं. मोटर तापली की रंग मऊ पडतो, वजनाखाली चेपतो, बोल्टची पकड सुटते आणि मोटर सरकते. काकांनी चारही वेळा रेघ बरोबरच लावली होती.

कागद काढला आणि लिहिलं: दोष, मोटरच्या पायांखालचा व शिमवरचा रंग. पेन बंद करणार तोच काका म्हणाले, "फुडंबी लिही. मिस्त्रीनं पाय तपासले नाहीत."

"काका, राहू द्या."

"मी बसवलेले म्हणून बघितले नाय. घमेंड हाय ती. दिसंल तेच लिहिणार होतीस ना?"

लिहिलं. अक्षर वाकडं आलं, डोळे भरले होते. ती घमेंड मी कुणाकडून उचलली तेही तेव्हाच कळलं, आणि पाय तपासायची सवयही त्यांचीच.

आप्पासाहेबांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि बाह्या वर सारल्या. काकांनी त्यांच्या हातात रंग खरवडायची पत्री आणि थिनरची बाटली दिली.

"बारा चकत्या हायत, मालक. दोन्ही बाजूंनी."

दुपारपर्यंत मालक जमिनीवर बसून रंग खरवडत होते. काका प्रत्येक शिम उजेडात धरून बघायचे. तीन त्यांनी परत केल्या. मग बैठक साफ करून मोटर ठेवली. डायलवर दोन आले. चार तास पट्टा चालवून, थांबवून पुन्हा मोजलं, तर तीन.

आप्पासाहेबांनी तिथंच उभं राहून जळगावला फोन लावला. "येऊ नका. आमचे मिस्त्री हायेत."

काका चिंधीनं हात पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मालक, फुडच्या सालीबी मी नागपूरला जाणार हाय."

"जा की," आप्पासाहेब म्हणाले. "फकस्त जाताना रंगाचा डबा कुलपात टाका मिस्त्री, अन् चावी तुमच्यासंगं घेऊन जा."