माती बंद

"अरं बस की पारड्यात! नव्या नवरीवानी लाजतोस काय?"

तात्याबानं सोनबाच्या पाठीत अशी थाप मारली की शेजारचा हमाल दचकला. बारामतीच्या बाजारात, गुळाच्या आडतीवर, मोठा काटा टांगलेला होता. एका पारड्यात वजनं चढत होती आणि दुसऱ्यात मांडी घालून सोनबा बसला होता. सणसरच्या तालमीचा पैलवान आणि सरकारच्या पलटणीतला शिपाई. गूळ राहिला बाजूला, हमाल, गाडीवान, अडते सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. पैलवान तोलायचा म्हणजे काय साधी गोष्ट!

काटा समेवर आला. दिवाणजीनं वजन पुकारलं. सोनबा रजेवर आला त्या दिवशीही त्याला याच काट्यावर तोललं होतं. तेव्हापेक्षा पाच शेर जास्त भरला होता गडी!

"बघा! बघा की रं लेकाच्यांनो!" तात्याबानं डोक्यावरचा पटका काढून हवेत उडवला. "सणसरचं दूध हाय हे! सांगा जाऊन मोहनराव वस्तादाला, म्हणावं तुझ्या कुंडलिकाला आतापासनं तेल लाव."

लोक हसले. सोनबा मात्र पारड्यातून उतरला तो मान खाली घालूनच. पोराला दृष्ट लागायची, असं म्हणून तात्याबानं त्याला गर्दीतून बाहेर काढलं.

तात्याबा कालव्यावर पाटकरी होता. दिवसभर फाट्याची दारं उघडायची, मिटायची, कुणाच्या उसाला पाणी गेलं आणि कुणाचं राहिलं यावरून शिव्या खायच्या, हा त्याचा धंदा. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही. गावच्या कडेची मातीच्या भिंतींची तालीम हाच त्याचा संसार. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती तो अशी मऊ ठेवायचा की बायकांनी कणीकही तशी मळली नसेल. पण नशीब कसलं! इतकी पोरं तयार केली, आणि बारामतीच्या जत्रेतली शेवटची कुस्ती एकानंही मारली नाही. दर साली मोहनराव वस्तादाचाच पठ्ठ्या जिंकायचा. मग मोहनराव पान चघळत जवळ यायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "पुढच्या साली बघू, तात्याबा." तात्याबाला ते हसणं वर्षभर टोचायचं.

यंदा मात्र सोनबा होता. कुंडलिकाशी त्याची जोड ठरली होती, दोन्ही वस्तादांनी मारुतीपुढं एकमेकांच्या हातात नारळ दिले होते. आता मागं फिरणं नव्हतं. नारळ परत करायचा म्हणजे न लढताच पाठ लावून घ्यायची.

भानगड एवढीच होती की सोनबा पलटणीतून आणखी एक खूळ घेऊन आला होता. उशीएवढे चामड्याचे मोजे हातात घालून ठोसे मारायचे. बॉक्सिंग म्हणत त्याला. जत्रेनंतर पंधरवड्यात पुण्याला पलटणींच्या झुंजी होत्या. साहेबानं सांगितलं होतं, जिंकलास तर नाईक करतो आणि पोरांना शिकवायला ठेवून घेतो. नाहीतर नोकरीची मुदत संपत आलीच होती, घरी जायचं. आणि घरी होतं काय? थोरल्या भावाची मेंढरं. कालव्याचं पाणी आलं तसा चराऊ रानात ऊस उभा राहिला, मेंढराला तोंड घालायला जागा उरली नाही. सोनबाचा सगळा जीव त्या झुंजीत गुंतला होता.

"दोनी करू की!" तात्याबा म्हणाला होता. "ताकद ती ताकद. मातीत वापर न्हायतर मोज्यात."

म्हणून पहाटे सोनबा आधी तालमीत जोर काढायचा, मग कालव्याच्या भरावावरून पळायचा, मग दोरीवरच्या उड्या, मग पोतं. हे पोतं लिंबाच्या फांदीला टांगलेलं होतं. त्यात वाळू होती आणि वर त्याच्या आईनं, धोंडाबाईनं, दिलेली लोकर दाबून भरलेली होती. त्याला तो घाम निथळेपर्यंत ठोसे मारायचा. संध्याकाळी परत बैठका आणि मातीतली लढत. वर तांब्याभर दूध, तूप, बदाम. पाण्याला निघालेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. त्यातली सारजा तर एकदा ओरडूनच म्हणाली, "पैलवान, दोरीवर उड्या झाल्या असतील तर फुगडी घालाय येता का?" सोनबा कानापर्यंत लाल झाला, पण उड्या काही थांबवल्या नाहीत.

बाजारातून परतताना बैलगाडीत सोनबा गप्पच होता. तात्याबा कुंडलिकाला कुठल्या डावावर घ्यायचा ते रंगवून सांगत होता. शेवटी तोच वैतागला.

"काय रं, तोंड का आंबाट झालंय?"

"काय न्हाय."

"बोल म्हणतो ना!"

"तात्या," सोनबा बैलांच्या शिंगांकडं बघत म्हणाला, "पुण्याला वजनावर जोड लावत्यात. माझ्या जोडीत बसायचं तर हे पाचीच्या पाची शेर उतरवाय लागत्यात. न्हायतर वरच्या जोडीत ढकलतील. तितलं गडी म्हंजी निस्तं रेडं हायती."

तात्याबानं कासरा ओढला. गाडी थांबली.

"आन् हे तू आज सांगतोस मला?"

"पयल्याच दिशी सांगितलं व्हतं. तुमी म्हणालात, गडी वजनदार झाला म्हणून कोण नाकारतंय व्हय रं येड्या."

तात्याबाला आठवलं. त्या दिवशी तो पोट धरून हसला होता, सगळी तालीम हसली होती. वजन वाढलं की तोटा, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरणारच कशी? साठीला टेकलेल्या आयुष्यात कुणी असं म्हणालेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

"अरं मग दूध कशाला पीत व्हतास?"

"तुमी दिलं म्हणून."

तात्याबानं कासरा सैल सोडला. घर येईपर्यंत त्याच्या तोंडून बैलांना हाकाही निघाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे जोर संपवून सोनबा पोत्यापाशी गेला, तसा तात्याबा दारात उभा राहिला. एरवी या वेळी तो फाट्यावर निघून जायचा. पोत्याचा खेळ त्यानं धड कधी पाहिलाच नव्हता. फक्त पहिल्या दिवशी पाहिला होता, तेव्हा हात कधी गेला आणि कधी परत आला ते कळत नव्हतं. आज हात जात होता, पण परत येताना रेंगाळत होता. खांदा वर चढेना. आता ठोशातलं काही तात्याबाला कळत नव्हतं, पण दमलेलं अंग कळत होतं.

"खांदं भरल्यात व्हय रं?"

"न्हाय तात्या. बेस हाय."

लबाड! हे पोर कधीच नाही म्हणणार नव्हतं. जत्रेची कुस्ती सोडतोस का विचारलं तर म्हणेल, तुमी म्हणाल तसं. आणि दोन्हीकडं ओढला जाऊन दोन्हीकडं मार खाईल.

तो दिवसभर तात्याबा फाट्यावर बसून होता. कुणाच्या उसाला पाणी जास्त गेलं, त्यावरून बोलणी खाल्ली, ती त्याला ऐकूही आली नाहीत. मोहनरावाचं ते पान चघळणारं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. एकदा, मरायच्या आधी फक्त एकदा त्याला ती कुस्ती मारलेली बघायची होती. सोनबासारखा गडी पुन्हा हाती लागणार नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वाईट वाटलं, रडूसुद्धा आलं. कालव्याच्या पाण्यानं तोंड धुऊन तो उठला.

संध्याकाळी तालीम भरलेली होती. सोनबा लांग कसून हौद्यात उतरणार, एवढ्यात तात्याबा गरजला.

"थांब! मारुतीच्या कोनाड्याखाली चामड्याचं मोजं कुणी टांगलं?"

सगळ्यांच्या नजरा कोनाड्याखालच्या खुंटीकडं वळल्या. तालमीत चामडं चालत नाही, वहाणासुद्धा बाहेर काढतात.

"मी," सोनबा म्हणाला.

"मारुतीम्होरं चामडं? आजपास्नं तुला माती बंद. मी सांगंस्तवर उंबरा वलांडायचा न्हाय. चल, हो भाईर!"

पोरांचे चेहरे पांढरे पडले. माती बंद म्हणजे वाळीत टाकल्यागत. सोनबानं वर पाहिलं. ती खुंटी दाखवली होती कुणी? तात्याबानंच. 'हितं टांग, उंदरं कुरतडायची न्हाईत,' म्हणून स्वतः मोजे टांगले होते. दोघांची नजरानजर झाली. तात्याबानं आधी मान फिरवली. सोनबानं मोजे काढून घेतले, वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि बाहेर पडला.

दिवेलागणीला धोंडाबाई तणतणत आली. "वस्ताद, काय केलं माझ्या पोरानं? सोन्यासारखं पोर, तोंड पाडून बसलंय दारात!"

"बस धोंडाबाई. त्याचं दूध-तूप बंद कर. भाकरी अर्धी दे. दोन घोंगडी पांघरून त्याला मेंढरांमागं भर उन्हात पळू दे. आन् पोत्यातली लोकर मागू नकोस इतक्यात."

"आन् जत्रंची कुस्ती?"

"न्हाय व्हनार. पण त्याला सांगू नकोस, मी मुद्दाम केलं म्हणून."

धोंडाबाई आता कुठं खाली टेकली. मग हळूच म्हणाली, "त्याला कळलं न्हाय असं वाटतंय व्हय तुमास्नी?"

जत्रेच्या दिवशी तात्याबा एकटाच नारळ घेऊन बारामतीला गेला. फडाभोवती माणूस मावत नव्हता. कुंडलिक शड्डू ठोकून तयार होता. शेवटच्या कुस्तीचं नाव पुकारलं, तसा तात्याबा पटका सावरत फडात उतरला. सगळ्या लोकांसमोर त्यानं नारळ मोहनरावाच्या हातात दिला.

"गडी कुठाय?" मोहनरावानं विचारलं.

"येत न्हाय."

"भ्याला का काय?"

"गडी न्हाय भ्याला. मीच आणला न्हाय."

लोकांनी हुर्यो केली. कुणीतरी मातीचं ढेकूळ फेकलं, ते तात्याबाच्या खांद्यावर फुटलं. कुंडलिकाला खांद्यावर घेऊन पोरं नाचली. मोहनराव पान चघळत जवळ आला.

"पुढच्या साली बघू, तात्याबा."

"न्हाय मोहनराव," तात्याबा म्हणाला. "आता न्हाय बघायचं." आणि गर्दीतून वाट काढत तो बाहेर आला.

सोनबा पुण्याला गेला. जाताना तो तालमीवरून गेला, पण आत गेला नाही. फाट्यावर तात्याबा दार उचलत होता. दोघांनी लांबूनच हात वर केला.

महिना उलटला. एका दुपारी तात्याबा हौद्यातली माती खाली-वर करत होता. दारात सावली पडली. बघतो तर सोनबा! अंगावर पलटणीचे कपडे, बाहीवर नाईकाच्या फिती, भुवईवर भरत आलेली जखम. बूट काढून हातात धरले होते. उंबऱ्याच्या बाहेर उभा.

"अरं, आत ये की!" तात्याबाला काय करू नि काय नको झालं. "जिंकलास न्हवं? बाहीच सांगतीया."

"जिंकलो, तात्या."

"मग भाईर का उभा?"

"माती बंद हाय न्हवं मला. तुमी अजून खुली कुठं केलीय?"

तात्याबा खोरं टाकून जागीच राहिला. तो तर विसरूनच गेला होता. 'खुली' असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

"किती दिस हाईस?"

"उंद्या सकाळच्या गाडीनं जायाचं. लगेच मोठ्या झुंजी हायती. साहेब म्हणतो, आता कुस्ती न्हाय करायची. खांदं जड व्हत्यात." सोनबाचा आवाज बारीक झाला. "मी त्याला म्हणलं, माझ्या वस्तादाला आधीच कळलं व्हतं ते."

तात्याबानं वाकून मूठभर माती उचलली. उंबऱ्यापर्यंत आला आणि तो स्वतःच बाहेर उतरला. सोनबाच्या सदऱ्याच्या वरच्या गुंड्या सोडून त्यानं ती माती त्याच्या दोन्ही खांद्यांना चोळली, कुस्तीच्या आधी चोळतात तशी, सावकाश. सोनबा डोळे मिटून उभा होता.

दुसऱ्या दिवशी गाडी गेल्यावर धोंडाबाई लोकर मागायला आली. थंडीच्या आधी घोंगडं विणायला टाकायचं होतं. तात्याबा लिंबाखाली बसला होता. पोतं खाली उतरवलेलं होतं. त्याची शिवण उसवून लोकर बाहेर आली होती. दाभण आणि सुतळी घेऊन तो ती आत दाबून शिवत होता.

"राहू दे की, धोंडाबाई," तो मान वर न करता म्हणाला. "रजंला आला म्हंजी लागंल त्याला."