सात नंबरचा पांढरा प्लाझ्मा

फिरण्याआधी

नव्या औषधाच्या चाचणीसाठी माणसं वॉर्डात राहायला आलेली. त्यांचं रक्त भिंतीतल्या छोट्या खिडकीतून आत येतं. माणसं पलीकडेच राहतात. आत प्रयोगशाळेत ती एकटी, आणि रक्त फिरवायचं यंत्र. समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या, झाकण, बटण.

सात नंबरचा माणूस मात्र कोपराच्या खोबणीत कापूस दाबून रोज खिडकीशी येतो.

“काय बाई, निघालं का लोणी?”

फिरताना

यंत्र ताकातल्या रवीसारखं घुमायला लागलं की तो सांगत बसतो. लेक कशी हट्टी, जावई कसा मुखदुर्बळ, स्वतःला भूक कशी धरवत नाही. ती नुसतं हं म्हणते. घरी तिच्या हं-ला गिऱ्हाईक नाही. भाऊ-वहिनी वरच्या मजल्यावर, ती खाली.

आजही तो बोलला आणि खाटेवर जाऊन बसला.

थांबल्यावर

लाल पेशी तळाला. वर सगळ्यांचा प्लाझ्मा पिवळसर, निवळ.

सातचा दुधासारखा.

म्हणजे उपाशी राहायचं होतं आणि यानं खाल्लं. तेही तेलकट-तुपकट, चांगलं दाबून. भरल्या पोटी चाचणीची ही गोळी रक्तात भलतीच चढते. सांगितलं तर चाचणीतून काढून त्याला आजच घरी पाठवतील.

पुन्हा फिरताना (हे करायचं नसतं)

तीच नळी तिनं परत लावली. जोरात. चरबी वर तरंगेल, खालचा निवळ भाग काढून घेता येईल, कुणाला पत्ता लागणार नाही. तो राहील. उद्याही कापूस, उद्याही लोणी.

खिडकीपलीकडे सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन निघाल्या होत्या. पहिली खाट. दुसरी.

नळीतलं निवळेल. त्याच्या अंगातलं—

थांबायच्या आत

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आजवर कधी काढलं नव्हतं.

“सिस्टर, सातला गोळी देऊ नका. त्यांनी खाल्लंय.”

सात नंबरनं उशीखालून पायमोजा ओढला. त्यात लेकीनं गुंडाळून दिलेला लोण्यातल्या बिस्किटांचा पुडा, रिकामा. सिस्टरांच्या हातात तो दिला, मग खिडकीकडे पाहिलं.

“बाई, मला आधी विचारायचं तरी.”

तिनं डोकं आत घेतलं. हं-सुद्धा म्हटलं नाही.

नंतर

दुपारी तो पिशवी घेऊन गेला, खिडकीकडे न फिरकता. सिस्टरांनी तिला शाबासकी दिली, थोडक्यात वाचलो म्हणाल्या आणि पुढच्या नळ्या आत सरकवल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं अंगणातला दिवा लावला. काम काहीच नव्हतं. दिवा उगाच जळत राहिला की वहिनी वरून तोंड सोडतात. ती जिन्याखाली उभी राहिली, मान वर करून, वरचं दार उघडायची वाट बघत.