गालातला आवळा आणि दाढेतला मी

विषय : खालच्या डाव्या बाजूची दाढ सेवेत कायम ठेवण्याबाबत.
संदर्भ : दातांच्या डॉक्टर रसिका, नौपाडा, यांनी दिलेली तीन महिन्यांची मुदत.

उपरोक्त विषयी मी, सदर दाढेतला सिमेंटचा गोळा, बोलतोय. सहा वर्षं आमच्या मालकांच्या तोंडात काढल्यावर कोणाचीही भाषा अशीच होईल. मालक म्हणजे साईनाथ कर्णिक, ठाण्याच्या एका कचेरीतले निवृत्त कारकून, मुक्काम डोंबिवली. डावीकडे चावायला त्यांच्याकडे ही एकच दाढ उरली आहे.

माझा जन्म दोन-चार मिनिटांत उरकला. थोडी पूड, थोडा द्रव, पात्याने घोटलं आणि खड्ड्यात बसवलं. पलीकडच्या बाजूला चांदी भरलेली एक दाढ आहे. चांदी माझ्याहून कणखर. पण शेजारी काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. माझं तसं नाही. आंबट आलं की दातातला चुना विरघळून बाहेर पडू लागतो. तेव्हा मी माझ्यातलं फ्लोराइड थोडं थोडं सोडतो आणि मला लागून असलेली दाताची भिंत जरा तग धरते. टूथपेस्टमधून माझा साठा थोडाफार भरतोही. मात्र आंबट थांबलंच नाही, तर भिंतीसोबत मीही झिजतो.

आणि आंबट थांबत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी कर्णिकांनी पत्नीच्या, नयनताईंच्या, आग्रहाखातर तंबाखू सोडली. डाव्या गालातली जागा रिकामी झाली. कचेरीत वाढलेल्या माणसाला ते बघवेना; त्यांनी तिथे आवळासुपारीची नेमणूक केली. सकाळच्या चहानंतर एक तुकडा गालात, तो विरला की दुसरा. आवळा किती पाचक, हे सोसायटीत दिसेल त्याला सांगायचं. घरात मात्र सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर : "हं."

दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला.

"काका, गालात काय आहे?"

"औषध."

"थुंका बघू." आवळा बाहेर आला. "दिवसाला असे किती?"

"एकच. एका वेळी."

"नंदादीप आहे तो," नयनताई म्हणाल्या. "विझू म्हणून देत नाहीत."

डॉक्टरांनी माझ्या कडेला टोचणी लावली. ती रुतली. "दाढ मऊ पडलीये. सिमेंटपण झिजलंय, ते बिचारं किती लढणार? आवळा जेवणात खा, वर चूळ भरा. गालात धरून बसायचं नाही. तीन महिने बघू. नाही थांबलं, तर दाढ काढावी लागेल."

'बिचारं'. सहा वर्षांत माझी घेतली गेलेली दखल ती एवढीच.

"सोडतो," कर्णिक म्हणाले. मग खाली बघत, "पण गाल रिकामा असला की तंबाखू आठवते."

घरी येऊन नयनताईंनी आवळ्याचा डबा कपाटावर ठेवला. कर्णिक चार दिवसांत दोनदा कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जाऊन परत आले. पाचव्या दिवशी त्यांनी डावीकडे समास सोडून अर्ज लिहिला : 'महोदया, दररोज दुपारी चार वाजता आवळ्याचा एक तुकडा पाच मिनिटे गालात ठेवण्यास अनुमती मिळावी, ही विनंती.'

नयनताईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि समासात शेरा मारला : 'चर्चा करावी.'

म्हणून दुपारी चारला चर्चा सुरू झाली. पहिल्या दिवशी आवळ्यावर. दुसऱ्या दिवशी आवळ्यावरून विषय नणंदेवर गेला. आठवड्याभरात कर्णिकांनी कचेरीतली एक हकीकत सांगितली : साहेबांनी रजेचा स्वतःचाच अर्ज नामंजूर केला होता, न वाचता. नयनताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो, हे चाळीस वर्षांत कधी बोलला नाहीत!"

"तोंडात काहीतरी असायचं ना."

तेव्हापासून टपरीकडे फेरी झालेली नाही. बोलता बोलता कर्णिकांची जीभ मधूनच माझ्यावरून फिरते, मी जागेवर आहे ना, ते बघायला. आहे. सकाळ-संध्याकाळ पेस्ट मिळतेय, आंबट थांबलंय, माझ्याकडून होईल तेवढं मी करतोय. मऊ पडलेली भिंत घट्ट होतेय का, ते टोचणी सांगेल. मला इथेच राहायचं आहे. इथे आता ऐकण्यासारखं पुष्कळ असतं.

मुदतीपैकी सहा आठवडे संपले आहेत. अर्जावर आजही दीड तास चर्चा झाली. निर्णय झालेला नाही.