मैमुनाबीचं गाणं मी पुसलं नाही

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. शारजातल्या एका घरात शोकेसवर बसलेला असतो. दिसायला गरीब आहे, पण मनात मोठा डूख धरतो, हे आधीच सांगून ठेवतो.

१९९१ साली मुनीरने मला दुबईच्या देरा बाजारातून आईसाठी, म्हणजे मैमुनाबीसाठी आणलं. ती मूळची रत्नागिरीकडची; सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. हळदीची गाणी गावीत तर तिनेच! लेकीच्या, सफाच्या हळदीसाठी तिने एक नवं गाणं स्वतः रचलं आणि माझ्यासमोर बसून गायलं; मी ते कॅसेटवर टिपलं. तेव्हा माझं कोण कौतुक! माझ्यावर भरतकामाचा रुमाल असायचा.

पुढे इथे कॉपीराइटचा कायदा आला. सिनेमाच्या गाण्यांच्या चोरट्या कॅसेटी विकणं अवघड झालं. मग कॅसेटवाल्या कमरुद्दीनला जुनी, मालक नसलेली गाणी हवीशी झाली. भाचीच्या हळदीत वाजवतो म्हणून तो मला आणि ती कॅसेट घेऊन गेला. दुकानात त्याने गाण्याची नक्कल केली आणि मूळ गाणं पुसायला माझी रेकॉर्डची कळ दाबली.

तेवढ्यात त्याला फोन आला. "खालाचं गाणं मिळालं," तो हसत म्हणाला. "वर ‘पारंपरिक’ छापलं की खलास! कोण विचारतंय?"

माझं डोकंच फिरलं. माझ्या अंगातच माइक आहे, हे तो विसरला होता. मी त्याचा शब्द न शब्द टिपला. तिचा आवाज मात्र मी पुरता पुसला नाही.

"कॅसेट खराब झाली, खाला," असं सांगून त्याने आम्हांला परत केलं. भोळ्या मैमुनाबीने ती न वाजवताच ठेवून दिली. माझा रुमाल गेला, धूळ आली. मी वाट पाहत राहिलो.

२००२ साली एका हळदीत ती तेच गाणं गायला लागली. बायका हसल्या, "खाला, कमरुद्दीनच्या कॅसेटमधलं गाताय?"

"माझं आहे ते," ती म्हणाली.

"जुन्या गाण्यांना मालक नसतो, खाला. कायदाच आहे तसा," कमरुद्दीन सगळ्यांदेखत म्हणाला. ती गाणं अर्धं टाकून घरी आली आणि रडली.

मुनीरने ती कॅसेट शोधून माझ्यात घातली आणि ऐकली. दोन दिवसांनी त्याच लग्नाच्या वलीम्यात, म्हणजे निकाहनंतरच्या जेवणात, त्याने मला मधोमध ठेवून कळ दाबली. आधी कमरुद्दीनचं हसणं, त्याचं बोलणं. त्याखालून अंधूक मैमुनाबी: "सफा, तुझ्यासाठी रचलंय गो." कमरुद्दीन ताटातली बिर्याणी टाकून उठला. काय बरं वाटलं मला!

नंतर तो माफी मागायला आला. मैमुनाबीने त्याला माफ केलं. मी नाही केलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. माझीही धूळ झटकत जा. फक्त ती कॅसेट माझ्यातून काढू नका. कमरुद्दीन अजून अधूनमधून चहाला येतो.