दांड्यावरचं प्लास्टिक

आमच्याकडे पाहुणा आला की मी आधी त्याला सूचना देते. त्या खुंटीला काही अडकवू नका. त्या फळीवर वर्तमानपत्रापेक्षा जड काही ठेवू नका. आणि बाथरूमची कडी लावली तरी दार ढकललं की उघडतं, तेव्हा आत असेपर्यंत गाणं म्हणत राहा. हे सगळं आमच्या ह्यांचं कर्तृत्व. आठवडाभर ऑफिसात कागद हलवायचे आणि सुट्टी आली की ड्रिल मशीन घेऊन भिंतींच्या मागे लागायचं. फळी तिरकी झाली की म्हणणार, "भिंतच सरळ नाही." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! सुतार, प्लंबर कुणाचंही नाव काढलं की ह्यांचा चेहरा पडतो. मी बोलायचं सोडून दिलं होतं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार?

पण सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मला तोंड उघडावंच लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडल्या तर उभ्या राहणार नाहीत. बाथरूममध्ये धरायला भिंतीत पक्का दांडा हवा.

"अहो, एवढ्या एका कामाला तरी मिस्त्री बोलवा," मी म्हटलं. "हा फोटो टांगायचा खिळा नाही. तुमच्या आईचा जीव आहे."

"म्हणूनच मी करणार," हे म्हणाले.

झालं. रविवारी सकाळपासून घरभर धूळ. एक टाइल फुटली. दुसरी फुटली. "होतं असं," असं भिंतीला समजावत ह्यांनी दोन्ही सिमेंटनं लिंपल्या आणि संध्याकाळी एकदाचा तो स्टीलचा दांडा बसला, अंमळ तिरपाच. त्याच्यावरचं पातळ प्लास्टिक ह्यांनी मुद्दाम ठेवलं. "राहू दे. आईचा हात लागून लागून आपोआप निघेल."

सासूबाई वॉकर टेकत दारापर्यंत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय हो."

आंघोळीला मी सोबत आलेलं त्यांना खपायचं नाही. "एवढं एक तरी माझं मला करू दे गं," म्हणायच्या. मग मी बाहेर दाराला कान लावून उभी. रोज संध्याकाळी हे बूट काढता काढता विचारायचे, "आई, दांडा कसाय?"

"भक्कम रे."

तेवढ्यावर ह्यांचा चेहरा असा खुलायचा की मला रागही धड यायचा नाही.

एकदा बाथरूम घासताना माझं लक्ष दांड्याकडे गेलं. इतके दिवस झाले, पण प्लास्टिकवर एक सुरकुती नाही. दुकानातून आणलं तसं कोरं करकरीत. मी तशीच ओल्या हातांनी सासूबाईंच्या खोलीत गेले.

"आई, तुम्ही दांडा धरतच नाही?"

"हळू बोल," त्या म्हणाल्या.

"मग काय धरता?"

"नळ."

मी कपाळाला हात लावला. "अहो, तो तरी कुणी बसवलाय?"

"ठाऊक आहे मला. नळ निघाला तर नुसता नळ निघेल. दांडा निघाला तर पोरगा परत कशालाही हात लावायचा नाही." त्या चादरीची घडी घालत होत्या, ती परत मोडली. "ह्याचे वडील ह्याला साधा पाना धरू द्यायचे नाहीत. 'तुझ्या हाताला यश नाही,' म्हणायचे, चारचौघांत. मी गप्प बसायचे. आता माझ्यामुळे तरी नको."

"आणि तुम्ही पडलात म्हणजे?"

"म्हणेन, पाय घसरला."

मला इतका संताप आला! मायलेकांचं एकमेकांवर प्रेम आणि मधल्यामधे भरडली जाते मी. उद्या हे ऑफिसला गेले की गुपचूप मिस्त्री बोलवायचा, मी ठरवून टाकलं.

पण दुसऱ्या दिवशी फोन करायच्या आधीच सासूबाई आंघोळीला गेल्या आणि आतून धाडकन आवाज आला. पाठोपाठ किंकाळी. मी दार ढकललं. कडी निमूट सुटली. त्या कडीचे उपकार व्हायचे होते ते असे झाले. आत नळ बादलीत पडलेला, पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर आणि सासूबाई दोन्ही हातांनी दांड्याला लटकलेल्या, पाय पुढे घसरलेले. दांडा जागचा हलला नव्हता.

मी त्यांना कमरेत धरून स्टुलावर बसवलं, मेन कॉक बंद केला. मग तो दांडा धरला आणि सगळं अंग टाकून खाली ओढलं. मी काही सडपातळ नाही. तरी हलला नाही.

"अगं, हा तर खरंच भक्कम आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि भिजलेल्या पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या.

संध्याकाळी हे आले तेव्हा सासूबाईंनीच दारातून सांगितलं, "तुझ्या दांड्यानं वाचवलं रे मला."

हे बाथरूममध्ये गेले. मी मागोमाग. मला वाटलं, आता छाती फुगणार. पण हे वाकून दांडा निरखायला लागले. मधे दोन ठिकाणी प्लास्टिक फाटलं होतं, नखं रुतून. बाकी सगळं नवंकोरं. आमचे हे हौशी आहेत, पण मूर्ख नाहीत.

"इतके दिवस ती नुसतंच भक्कम म्हणत होती ना?"

खोटं बोलायची ताकद नव्हती माझ्यात. "हो."

"तुला माहीत होतं?"

"कालच कळलं."

ह्यांनी बादलीतून नळ उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि ठेवून दिला. "प्लंबरला फोन कर."

लग्न झाल्यापासून हे शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि आता ऐकले तर फोन हातात घेववेना.

"काही नको," मी म्हटलं. "तुमचा पाना काढा. मी टॉर्च धरते."

नळ बसला. गळायचा तो गळतोच आहे. खाली वाटी ठेवलीय.

सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या. हे ऑफिसची बॅग खांद्याला लावून माझ्याशेजारी, दाराबाहेर, उभे. कडी लागली. मग आतून प्लास्टिकचा चुरचुर आवाज आला.

आवाज थांबेपर्यंत हे उभे राहिले. मग ऑफिसला गेले.