मला रजई पांघरू नका

मित्रांनो, माझ्या तोंडात कायम दगड असतो, म्हणून एवढी वर्षं बोललो नाही. मी किमचीचा एक जुना रांजण आहे. कुंभाराने मला असं भाजलं की आतला रस बाहेर जात नाही, पण श्वास मात्र अंगातून येतो-जातो. असा गुण असणाऱ्याला काय बक्षीस मिळतं? त्याला जमिनीत पुरतात.

कोरियातल्या एका खेड्यात, माल्सुन आजींच्या स्वयंपाकघरामागे, मी एकतीस हिवाळे गळ्यापर्यंत पुरलेला होतो. थंडी सुरू झाली की शेजारणी जमत. मिठात मऊ केलेल्या कोबीच्या पानापानांत तिखट, लसूण आणि खारवलेली कोळंबी भरत आणि तो कोबी माझ्या पोटात दाबून बसवत. रसाच्या वर एकही पान राहू नये म्हणून त्यावर दगड, वर झाकण. मग वसंतापर्यंत माझं मत कोणी विचारत नसे. किमची कुरकुरीत आणि बेताची आंबट झाली की सगळे आजींच्या हाताचं कौतुक करत. मला वाटे, सुटका कधी होणार? शेजारच्या मुळ्याच्या रांजणालाही तसंच वाटत असावं, पण त्याच्याही तोंडात दगड होता.

आजोबा वारले आणि मुलगा थेसॉप आजींना शहरातल्या फ्लॅटवर न्यायला आला. आजी तयार होईनात. शेवटी म्हणाल्या, "रांजण बरोबर घेते. त्याला तिथलं मानवलं तर मी राहीन. नाही मानवलं तर आम्ही दोघं परत."

मला उपटलं. एकतीस वर्षांनी माझ्या बुडाला उजेड लागला.

फ्लॅटमध्ये कोबी बाथटबमध्ये खारवला. त्या दिवशी घरात कोणी आंघोळ केली नाही. मला भरून झाल्यावर थेसॉपने मला कुठे ठेवावं? तिथे फरशीखालून गरम पाण्याचे नळ जातात आणि जिथे फरशी सर्वांत तापते ती जागा मानाची. ती त्याने आईला दिली होती. मलाही तिथेच बसवलं, वर रजई पांघरली. म्हणे, गावाकडून आलाय, गारठेल. सून ऊनसिल तासातासाला झाकण उघडून वास घेई. तीही काळजीनेच.

दोन दिवसांत माझ्या पोटात बुडबुडे उठू लागले. जमिनीत जे तीन महिने सावकाश मुरायचं, ते आठवड्याच्या आत उरकायला निघालं. ओरडायची सोय नव्हती. रस उफाळून झाकणाखालून रजईवर आला. शेजारी आजी घामाघूम होऊन बसल्या होत्या. त्याही बोलत नव्हत्या. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

पाचव्या दिवशी किमची वाढली. थेसॉपने घास घेतला आणि त्याचा एक डोळा मिटला.

"छान झालीय, आई," तो म्हणाला. डोळा उघडेना.

आजींनी लिबलिबीत पान चावलं आणि चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"म्हणजे परत जाणार तू?" थेसॉपने विचारलं.

"अरे, रांजणाला शेकत ठेवतात का? त्याला गारवा लागतो. आणि ऊनसिल, सारखं झाकण उघडून त्याला हवा लावू नकोस गं." मग त्या जरा थांबल्या. "मलाही उकडतंय रे. चार रात्री डोळ्याला डोळा नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या प्रेमाने भाजत होतास."

त्या आंबट ढाण किमचीचा आजींनी डुकराचं मांस घालून रस्सा केला. थेसॉपने तीन वाट्या खाल्ल्या, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मला उत्तरेच्या बाल्कनीत एका खोक्यात उभं करून गळ्यापर्यंत भाताच्या तुसात गाडलं. नवा कोबी, दगड, झाकण. पुन्हा कैद. इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. आजींनी अंथरूण बाल्कनीलगतच्या गार खोलीत हलवलं.

सात आठवड्यांनी त्यांनी एक पान चावलं. कुर्रर्र आवाज मलाही ऐकू आला. थेसॉप श्वास रोखून उभा होता.

"गावी मुळ्याचा रांजण एकटा आहे," आजी म्हणाल्या. "रविवारी जाऊन तोही घेऊन ये."

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कोणाला ऊब देण्याआधी एकदा त्याला विचारा. फक्त सारखं झाकण उघडून विचारू नका.