अंगठीतला नवस

चेन्नईत, अण्णा नगरातल्या एका गच्चीवरच्या खोलीत, रविवारी भर दुपारी, रंजनी मेली. आणि खाली स्वयंपाकघरात सरोजाआत्यांनी चकलीसारखे मुरुक्कू तळायचं थांबवलंसुद्धा नाही.

थांबवायचं कारणही नव्हतं. मेली होती ती रंजनीची घार. वीस बाजूंचा फासा टाकून चौघं जो खेळ खेळायची, त्यातलं तिचं पात्र, घार नावाची चोरटी. पालीनं लाजून खाली उतरावं अशी भिंती चढणारी. तरीपण रंजनी पर्स उचलून, कुणाकडे न बघता जिना उतरली, तेव्हा गिरिधरच्या तोंडातला मुरुक्कू तोंडातच राहिला. कारण घार मेली ती त्याच्यामुळे.

गिरिधर तंजावरकडच्या मराठी घरातला, आत्याजवळ वाढलेला. बँकेत गहाणखतं तपासायचा, आणि स्वल्पविरामावर पाय ठेवायचा तरी आधी दाबून बघायचा. खेळात तो वेंकोबा नावाचा जादूगार होता. वेंकोबाची दाढी एवढी लांब, की नदी ओलांडताना बाकीचे तिला धरून यायचे. प्रत्येक मंत्र त्यानं दाढीच्या एकेका वेणीत गुंफून ठेवलेला.

तर दोरीचा पूल तुटायला लागला, घार मधोमध, आणि वेंकोबानं फक्त थांबवण्याचा मंत्र म्हणायचा होता. पण नियमात लिहिलं होतं, 'कोणतीही एक वस्तू'. गिरिधरनं विचारलं, "पूल ही एक वस्तू, की दोऱ्या वेगळ्या आणि फळ्या वेगळ्या?" हा वाद त्यानं इतका सुरेख घातला, की तो संपेपर्यंत घार दरीच्या तळाशी पोचली होती.

"नवं पात्र घे ना," खेळ चालवणारा उन्मेष तिला म्हणाला होता.

"आठवडाभर ऑफिसात लोक सांगतात ते करते," रंजनी म्हणाली. "रविवारी तेवढी मी घार असायचे. आता झोप काढीन."

उपाय एकच होता. वेंकोबाच्या बोटात एक अंगठी होती आणि अंगठीत एक इच्छा. नियम एका ओळीचा: बोलाल ते घडेल, कसं घडेल ते सूत्रधार ठरवेल. आणि सूत्रधार होता उन्मेष. नागपूरचा, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. एरवी मुंगीला वाट देणारा. पण कुणी इच्छा बोललं की त्याच्या चेहऱ्यावर लग्नातल्या आचाऱ्यासारखं समाधान पसरायचं. चौघांतल्या आशिषनं एकदा मागितलं, "मला कुणी हरवू नये." उन्मेषनं त्याला निर्मनुष्य बेटावर नेऊन ठेवलं. कुणी हरवलं नाही. जेवायलाही कुणी बोलावलं नाही.

पुढच्या रविवारी रंजनी आली, पण दाराजवळ बसली, पर्स मांडीवर. "खेळायला नाही, बघायला आलेय," म्हणाली.

गिरिधर तयारी करून आला होता. त्यानं घसा साफ केला. "घार, वय पूर्वीइतकंच, सर्व अवयव जागच्या जागी, स्मृतीसह, जिवंत, आमच्या शेजारी, जमिनीवर..."

"जमिनीवर उभी की आडवी?" आशिषनं विचारलं.

"उभी."

"पायांवर म्हण. हा डोक्यावर उभी करेल."

"पायांवर."

"कुणाच्या?"

उन्मेष गालातल्या गालात हसत मुरुक्कूचा तुकडा मोडत होता. गिरिधर एक भोक बुजवायचा, तर शेजारी दोन पडायची. तासाभरात त्या इच्छेला एवढी ठिगळं लागली, की मूळ कापड कुठलं ते आठवेना. रंजनीनं घड्याळाकडे पाहिलं आणि पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला.

तेवढ्यात सरोजाआत्या कॉफी घेऊन वर आल्या. "काय रे गिरी, इतका घाम? कोण गेलं?"

"रंजनी गेली, आत्या. तिला परत मागतोय."

आत्यांनी रंजनीला नीट पाहून घेतलं, तिच्या हातात कॉफीचा टंबलर दिला आणि गिरिधरकडे वळल्या. "मागतोयस ते कळलं. देणार काय?"

"देणार म्हणजे?"

"ऐयो. नुसतंच मागतोस? तू लहानपणी तापानं फणफणलास, तेव्हा मी मारियम्मा देवीला काय म्हटलं? पोर पहिल्यासारखा खेळू लागू दे, मग चांदीचे डोळे वाहीन. आधी काम, ते मनाजोगं होऊ दे, मग फेड. पोर अर्धवट बरा झाला असता तर डोळे नव्हते मिळत. हे तिलाही ठाऊक."

गिरिधरचा हात हवेतच थांबला. गहाणखतांत उभी हयात घालवून हे कसं सुचलं नव्हतं? त्यानं इच्छेभोवती भिंती बांधल्या होत्या, पण पलीकडच्याला आत यावंसं वाटेल असं काही ठेवलंच नव्हतं. आणि उन्मेषला काय हवंय ते सगळी खोली जाणून होती. तीन वर्षं वेंकोबाच्या त्या मंत्रांच्या दाढीनं त्याचा एकही सापळा नीट मिटू दिला नव्हता.

गिरिधर मांडी ठोकून बसला. रंजनीकडे बघत, एकही कलम न लावता, म्हणाला, "आमची घार होती तशी परत येऊ दे. तिच्या मनाजोगी आली, तर मी मुंडण करीन. डोकं, दाढी, सगळं."

उन्मेषनं पुस्तक उघडलं, चाळलं, मिटलं. नवसाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. वाकडं करावं तर दाढी हातची जाते, दाढी घ्यावी तर सरळ वागावं लागतं. असा पेच त्याच्यावर जन्मात आला नव्हता.

"दरीतून एक हात वर आला," तो शेवटी म्हणाला. "मग दुसरा. घार कड्यावर बसून केस झटकतेय."

"मनाजोगी आहे का, हिला विचार," गिरिधर म्हणाला.

रंजनीनं पर्स खाली ठेवली. सरकत पुढे आली आणि फासा उचलला. "आधी या वेंकोबाच्या एक कानाखाली देते," ती म्हणाली. "मग पुढे जाऊ."

वीस पडले. आशिषनं टाळ्या वाजवल्या, वेंकोबाची दाढी वेणीवेणीनं उतरली, आणि सगळं गोड झालं असतं, पण आत्या रिकामे टंबलर गोळा करता करता म्हणाल्या, "मग वडपळनीच्या देवळात कधी जातोस?"

"कशाला?"

"मुंडणाला. बोललास ना आत्ता."

"अगं आत्या, ते वेंकोबा बोलला."

"कोण वेंकोबा? मज तर तुझंच तोंड हलताना दिसलं. आपल्या घरात बोललेला नवस कुणी बुडवला नाही, कण्णा."

गिरिधर उन्मेषकडे वळला. उन्मेषच्या चेहऱ्यावर आचारी पुन्हा उगवला होता. "सूत्रधार म्हणून," तो म्हणाला, "मी आत्यांनी लावलेला अर्थ ग्राह्य धरतो."

आता गिरिधरकडे मुद्दे काही कमी नव्हते. वेंकोबा वेगळा, आपण वेगळे. खेळातली जीभ वेगळी, घरातली वेगळी. पहिला मुद्दा ओठांवर आलासुद्धा. मग त्याला तो पूल दिसला, आणि समोर फासा मुठीत धरून बसलेली रंजनी.

त्यानं तोंड मिटलं. "इथून कुठली बस?" त्यानं विचारलं.

"मी येते," रंजनी म्हणाली. "वाटेत पळून जाशील."

चेन्नईत तुळतुळीत डोक्याचं एक बरं असतं. कुणी दचकत नाही. सोमवारी बँकेत मॅनेजर कृष्णस्वामींनी त्या डोक्यावरचं चंदन पाहून अदबीनं विचारलं, "तिरुपती की पळनी?"

"वडपळनी, सर. मैत्रीण दगावली होती, तिच्यासाठी बोललो होतो."

"अरेरे. आणि आता?"

"काल संध्याकाळी किल्ल्याची भिंत चढली."

कृष्णस्वामींनी हातातलं पेन खाली ठेवलं. इकडे तिकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली. त्यांची कुंभकोणमची बदली कित्येक वर्षं अडकली होती.

"या नवसाचं मूळ स्थान कुठलं म्हणालास?"

"आमच्याच गच्चीवर, सर, दर रविवारी," गिरिधर म्हणाला. "पण येताना काय देणार ते ठरवून या. आणि खाली आत्या असते, तिच्यासमोर जपून बोला."

रविवारी कृष्णस्वामी गच्चीवर आले.